धबधबा, चांदणं आणि एक तृतीयांश अप्पा

आमच्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत आल्या आल्या समोर दिसेल अशा बेताने, एका धबधब्याचा फोटो टांगलेला आहे. काळा-पांढरा, चांगला हातभर रुंद. येणारा प्रत्येक माणूस तो पाहतो आणि म्हणतो, "वा! दुपारी काढलेला दिसतोय."

हा फोटो रात्री काढलेला आहे. राष्ट्रीय उद्यानात, पौर्णिमेला, निव्वळ चांदण्यात. गेल्या वीस वर्षांत हे मी किमान दोनशे माणसांना सांगितलं असेल. त्यांतल्या एकानेही विश्वास ठेवलेला नाही. काही जण "अस्सं का?" म्हणतात, पण ते चहा यायचा असतो म्हणून.

तर हा फोटो माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा. अप्पांचा चौकात फोटो स्टुडिओ होता. एक्केचाळीस वर्षं त्यांनी गावातल्या यच्चयावत माणसांना एकाच स्टुलावर बसवून "हलू नका, हसू नका, श्वास घेतला तरी चालेल" असं दरडावलं. फोटो सगळे अर्जांवर चिकटवायचे. ओळखपत्र, परवाना, परीक्षा, नोकरी. पण अप्पांचा खरा अभिमान फोटो काढण्यात नव्हता, फोटो साफ करण्यात होता. त्यांच्याकडे तीन केसांचा एक ब्रश होता. तो शाईत बुडवून ते फोटोवरचा प्रत्येक पांढरा ठिपका, ओरखडा, धुळीचा कण भरून काढत. हात त्यात बसला की मग माणसाची मुरुमं, देवीचे व्रण, चामखिळीसुद्धा जात. "माणूस आहे तसाच दिसायचा असेल तर त्याला आरसा पुरे की," असं त्यांचं म्हणणं.

स्टुडिओ बंद झाला त्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेलाच आहे आणि दुसरा सहा-आठ महिन्यांत जाईल. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. रात्री पानावर बसल्यावर अप्पा म्हणाले, "मला एक फोटो काढायचाय. ज्यात कुणाला कुठे अर्ज करायचा नाही, असा."

"कुणाचा?" माझ्या बायकोने विचारलं.

"धबधब्याचा. चांदण्यातला."

मग कळलं ते असं. लग्नानंतर महिनाभरात ते माझ्या आईला घेऊन त्या धबधब्यावर गेले होते. तेव्हा ते राष्ट्रीय उद्यान वगैरे नव्हतं, नुसतंच रान होतं. परतीची गाडी चुकली आणि चंद्र उगवला. धबधब्यासमोरच्या मोठ्या दगडावर दोघं बसून राहिली. कॅमेरा बरोबर होता, पण फिल्म संपलेली. "दिवसभरात सगळी तुझ्या आईवर संपवली होती मी," अप्पा मला म्हणाले, जणू त्यात माझीच काही चूक होती. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "जाऊ या की. त्यात काय एवढं?" आयुष्यात मी जी काही संकटं ओढवून घेतली, ती सगळी याच शब्दांनी सुरू झालेली आहेत.

बातमी भिंतीपलीकडे जायला मिनिटही लागलं नाही. आमचे शेजारी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुनियेतली कुठलीही गोष्ट आपण तपासून शिक्का मारल्याशिवाय वापरात येऊ नये, अशी त्यांची श्रद्धा. आख्खी इमारत त्यांना सर्वज्ञ म्हणते आणि त्यांना तो गौरव वाटतो. ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चांदण्यात फोटो निघत नसतो. चंद्राला स्वतःचा उजेड आहे का? नाही. तो सूर्याकडून उसना घेतलेला. उसन्या उजेडावर फोटो उठेल कसा?" मग उठवायचाच असेल तर कोणते बूट घालावेत, अस्वल आलं तर काय करावं (झोपावं), बिबट्या आला तर काय करावं (झोपू नये), आणि दोन्ही आले तर काय, यावर त्यांनी तासभर मार्गदर्शन केलं. दोन्हींचं उत्तर त्यांनी राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून उद्यानाच्या कार्यालयात गेलो, अप्पांना बरोबर घेऊन. म्हातारा माणूस बरोबर असला की काम लवकर होतं, असा एक समज आहे. खिडकीमागे एक लिपिक होते. डाव्या गालावर वाटाण्याएवढा तीळ. त्यांनी माझा अर्ज वाचला, मग अप्पांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"चौकातले फोटोवाले ना तुम्ही?"

"हो!" अप्पा खूश झाले. "तुमचा काढला होता का?"

"काढला होता," लिपिक म्हणाले. "माझ्या नोकरीच्या अर्जात ओळखीची खूण लिहिली होती, डाव्या गालावर तीळ. तुम्ही फोटोतून तीळ पुसून टाकलात. मी मीच आहे, हे सिद्ध करायला मला तीन महिने लागले."

अप्पांनी त्यांचा गाल निरखून पाहिला आणि म्हणाले, "पण फोटो चांगला आला होता."

इथून पुढचे पाच आठवडे मी त्या खिडकीसमोर काढले. उद्यानात प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त. रात्रीच्या छायाचित्रणाचा अर्जच नव्हता. छायाचित्रणाच्या अर्जात 'प्रकाशयोजना' या रकान्यात दोनच पर्याय, नैसर्गिक आणि कृत्रिम. मी नैसर्गिकवर खूण केली. लिपिक म्हणाले, नैसर्गिक म्हणजे सूर्य. मी म्हटलं, चंद्र काय कृत्रिम आहे? ते म्हणाले, तसं लेखी आणा. त्या तारखेला चंद्र पूर्ण असेल याचा पुरावा म्हणून कॅलेंडरच्या पानाची साक्षांकित प्रत त्यांनी मागितली. मी ती घेऊन माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी सही करण्याआधी चष्मा पुसून बजावलं, "मी प्रत खरी आहे एवढंच म्हणतोय हं. चंद्राची जबाबदारी माझ्यावर नाही."

शेवटी लिपिकांनाच माझी दया आली असावी. ते म्हणाले, रात्री आत जायची एकच वाट आहे. पौर्णिमेला प्राणिगणना असते, तिला स्वयंसेवक लागतात. बसल्या जागी कॅमेरा वापरायला हरकत नाही. अटी दोन. एका गटात किमान तीन माणसं हवीत आणि फोटोची एक प्रत कार्यालयात जमा करायची.

तिसरा माणूस कोण, हे वाचकांनी ओळखलं असेलच. सर्वज्ञ पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात शिटी आणि हातात मोटारीच्या दिव्याएवढी बॅटरी घेऊन सकाळपासूनच आमच्या दारात उभे होते.

पाऊस सरून थंडी अजून पडायची होती, ते दिवस. अप्पांनी स्टुडिओतला लाकडी कॅमेरा घेतला होता. तीन पायांचा, मागे काळं कापड, आणि भिंगावर एक टोपण. टोपण काढलं की फोटो सुरू, घातलं की बंद, असा सरळ व्यवहार. फिल्मा दोनच उरलेल्या. वनरक्षकाने हे सगळं लटांबर बघितलं आणि कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर घेतला. भला माणूस होता तो. त्याने एवढंच सांगितलं, की दोन डोंगरांच्या फटीतून चंद्र धबधब्यावर जेमतेम दीड तास असतो. मग आड जातो.

धबधबा मी पहिल्यांदाच बघत होतो. सांगायला लाज वाटते, पण तो बघून मला काही सुचेनासंच झालं. समोर पाणी कोसळत होतं, त्याच्या पुढ्यात तो दगड होता, आणि सगळ्यावर इतकं स्वच्छ चांदणं, की अप्पांच्या सदऱ्याच्या गुंड्या मोजता याव्यात. मी अप्पांकडे पाहिलं. ते एका डोळ्याने बघत होते आणि त्यांच्या त्या डोळ्याला काय आणि किती दिसत होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

"इथे तसंच आहे," एवढंच ते म्हणाले.

मग कामाला लागलो. अप्पांना आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून काळ्या कापडाखाली मी शिरायचं ठरलं. वनरक्षक दगडापाशी बॅटरी धरून उभा राहिला आणि तो ठिपका स्पष्ट होईपर्यंत मी भिंग मागेपुढे केलं. या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. जमीन वर, चंद्र खाली, आणि पाणी खालून वर चाललेलं. दहा मिनिटं ते बघितल्यावर माझं डोकं गरगरायला लागलं. अप्पांनी हिशोब केला होता, वीस मिनिटं. मी फिल्म घातली, टोपण काढलं. अप्पा सवयीने म्हणाले, "हलू नका." आम्ही चौघंही खांब झालो. वनरक्षकाने तर टोपी काढून छातीशी धरली.

सोळाव्या मिनिटाला सर्वज्ञांना गणनेच्या तक्त्यात काहीतरी लिहायचं आठवलं. त्यांनी ती मोटारीच्या दिव्याएवढी बॅटरी लावली. सरळ भिंगात.

"काय झालं?" ते म्हणाले. "उजेड वाढला की फोटो चांगलाच येणार ना?"

एक फिल्म गेली. अप्पा रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. दुसरी फिल्म घातली, टोपण काढलं, पुन्हा वीस मिनिटं श्वास रोखून उभे. वीस मिनिटांनी टोपण घालताना माझ्या लक्षात आलं, की फिल्मच्या पुढची काळी पट्टी मी ओढून काढलेलीच नाही. फिल्मला उजेडाचा कवडसाही लागलेला नव्हता.

"म्हणजे आपण वीस मिनिटं त्या पट्टीचा फोटो काढला," अप्पा म्हणाले. फिल्म वाचली होती, पण चंद्र वाचणार नव्हता. तो डोंगराच्या कडेकडे सरकत चालला होता. मी त्या वेळी चाळिशी ओलांडलेला, कार्यालयात हाताखाली चार माणसं असलेला गृहस्थ होतो. तरी परीक्षेत नापास होऊन घरी आलेल्या मुलासारखा तिथे उभा राहिलो.

त्यातच रागाच्या भरात पट्टी ओढताना कॅमेऱ्याला धक्का लागला आणि सगळी जुळवाजुळव बिघडली. पुन्हा कुणीतरी दगडापाशी बॅटरी धरायला हवी. तेवढ्यात सर्वज्ञांना झाडीत दोन डोळे चमकलेले दिसले होते आणि ते कोणत्या जनावराचे, हे ठरवायला ते वनरक्षकाला घेऊन गेले होते. (नंतर तक्त्यात नोंद झाली, 'ससा, एक, शंकास्पद.')

"मी धरतो," अप्पा म्हणाले. लहान बॅटरी घेतली आणि काठी टेकत तीस-चाळीस पावलं चालत गेले. दिवा लागला. मी जुळवलं, ओरडून सांगितलं. पाण्याच्या आवाजात त्यांनी ते कसं ऐकलं कोण जाणे, पण दिवा विझला. मी फिल्म घातली, पट्टी काढली, ती काढल्याची दोनदा खात्री केली. चंद्राकडे पाहिलं. अर्धा तास उरला असेल नसेल. घाईघाईत टोपण काढलं आणि मग समोर बघितलं.

अप्पा दगडावर बसले होते. मधोमध, फोटोत.

मी हाक मारली. ऐकू गेली नाही. पुन्हा मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. ते दगडाच्या डाव्या कडेला बसले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून, हात गुडघ्यांवर, तोंड पाण्याकडे. एक्केचाळीस वर्षं ज्यांनी गावाला हलू नका म्हटलं, ते स्वतः एवढे निश्चल बसलेले मी कधी बघितले नव्हते. मला टोपण घालता आलं असतं. जाऊन त्यांना उठवता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि माणूस रडत असला की त्याला कार्यक्षमतेने काही करता येत नाही.

दहा मिनिटांनी ते उठले आणि हळूहळू परत आले.

"उघडलंस?"

"नाही. तुमचीच वाट बघत होतो. हे बघा, आत्ता उघडतो." आणि मी अंधारात कॅमेऱ्याशी उगीच खुडबुड केली. शेवटची फिल्म बिघडली हे त्यांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

"मग वीस मिनिटं धर," अप्पा म्हणाले. मी धरली. अशी ती एकूण तीस झाली. टोपण घातलं आणि चंद्र डोंगराआड गेला.

पुढचे दोन दिवस आमच्या न्हाणीघराची अंधारखोली झाली होती. बायको भांडी घासायच्या जागेवर तोंड धूत होती आणि सर्वज्ञ दर अर्ध्या तासाने दार वाजवून "उठला का?" विचारत होते. फिल्म पाण्यातून काढून अप्पांनी ती दिव्यासमोर, अगदी नाकाला लावून धरली. "फार उजेड बसलाय," ते म्हणाले. "वीस मिनिटांत एवढा?"

"पौर्णिमा होती ना," मी म्हणालो.

मोठी प्रत निघाली. धबधबा सुरेख आला होता. झाडाचं पान न् पान आलं होतं. मात्र माझी ती दहा मिनिटं जास्तीची पडल्यामुळे रात्रीचा मागमूस राहिला नव्हता. भर दुपार! सर्वज्ञ म्हणाले, "सावल्या आहेत, म्हणजे सूर्य आहे."

"अहो, तुम्ही स्वतः होतात तिथे!"

"म्हणूनच सांगतो. मला तिथे इतकं स्पष्ट काहीही दिसत नव्हतं."

पण माझ्याकडे पुरावा होता. वर आकाशात बारीक बारीक पांढऱ्या रेघा आल्या होत्या. अर्ध्या तासात तारे जेवढे सरकले तेवढ्या लांबीच्या. दुपारी कुठले आलेत तारे? संध्याकाळी परत आलो की सर्वज्ञांना एकेक रेघ मोजायला लावायची, असं ठरवून मी कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तर अप्पा खिडकीशी बसलेले. एका हातात भिंग, दुसऱ्यात तो तीन केसांचा ब्रश, समोर फोटो. आकाश स्वच्छ होतं.

"ओरखडेच ओरखडे होते रे," ते समाधानाने म्हणाले. "फिल्म जुनी. दिवसभर बसून भरले. एक ठेवला नाही."

सगळे तारे गेले होते. मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्यांच्या एका डोळ्यातून सारखं पाणी येत होतं आणि ते बाहीने पुसत होते.

"आता एवढा एकच डाग राहिलाय. या दगडावर." त्यांनी ब्रश शाईत बुडवला. "धूर धरल्यासारखा काहीतरी आहे. आरपार दगड दिसतोय."

मी त्यांचा हात धरला. उभ्या आयुष्यात मी अप्पांचा हात असा कधी धरला नव्हता.

"अप्पा, तो डाग नाही. तुम्ही आहात."

मग सगळं कबूल केलं. आधी उघडलेलं टोपण, खोटं बोलणं, तीस मिनिटं. त्यांतली दहा तुम्ही बसलात, वीस नुसता दगड, म्हणून तुम्ही एक तृतीयांश आलात. अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"हललो नाही ना?"

"दहा मिनिटं अजिबात नाही. मग उठलात."

"उठायला नको होतं," अप्पा म्हणाले आणि ब्रश धुऊन ठेवून दिला.

नवी प्रत काढता आली असती, ताऱ्यांसकट. फिल्म अजून माझ्या कपाटात आहे. मी काढली नाही. त्या आकाशात अप्पांचा एक आख्खा दिवस आहे.

एक प्रत अटीप्रमाणे कार्यालयात जमा केली. आठवड्याने पत्र आलं. 'सदर छायाचित्र दिवसा काढल्याचे स्पष्ट दिसते. आपणांस दिवसा छायाचित्रणाची परवानगी नव्हती. खुलासा करावा.' अप्पांना ते वाचून दाखवलं तर ते हसू लागले. इतके हसले की उचकी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका ओळखीच्या फोटोवाल्याकडून एक फिल्म मागून आणायला आणि तो लाकडी कॅमेरा घेऊन कार्यालयात यायला लावलं, लिपिकांना खिडकीमागून बाहेर बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "हलू नका. हसायचं असलं तर हसा." तो त्यांनी काढलेला शेवटचा फोटो. ब्रश लावला नाही. तीळ इतका ठसठशीत आला, की लिपिकांनी पत्र परत घेतलं आणि तो फोटो टेबलावरच्या काचेखाली घातला.

अप्पा दोन वर्षांनी गेले. शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं. पण येणाऱ्याने "दुपारी काढलेला दिसतोय" म्हटलं, की ते आपल्या खुर्चीतून म्हणत, "हो हो, भर दुपारी." मीही आता तेच म्हणतो.

परवा घराचं रंगकाम काढलं. रंगारी स्टुलावर चढून फोटो उतरवायला लागला, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू हं. आत माणूस आहे."

त्याने फोटो उजेडाकडे धरला. उलटसुलट करून पाहिला. मी बोट ठेवून दाखवला, तेव्हा त्याला दिसला.

"अरे हो की!" तो म्हणाला. मग जरा निरखून बघत म्हणाला, "पण काका, एवढा मोठा दगड मोकळा पडलाय, आणि हे असे एका कडेला का बसलेत?"

"सवय," मी म्हणालो.